एक बिल्डिंग, दोन एसी: हैदराबादच्या इन्फोसिसमधला सरळ मुकाबला

एसीच्या धंद्यात वाद सहसा मिटत नाहीत, कारण तुलना करायला दोन सारख्या बिल्डिंगा कधी मिळतच नाहीत. एक म्हणतो आमच्या सिस्टिमने तीस टक्के बिल कमी केलं, दुसरा म्हणतो तुमच्या ऑफिसात माणसंच निम्मी होती, तिसरा म्हणतो त्या वर्षी उन्हाळा होताच कुठे, मग चहा येतो आणि विषय तिथेच राहतो. म्हणून हैदराबादबाहेर पोचारमला इन्फोसिसच्या कॅम्पसवर जी एसडीबी-१ नावाची बिल्डिंग आहे तिचं प्रकरण एकदा नीट मांडावं असं बरेच दिवस डोक्यात होतं.

तिथे काय केलं, तर साधारण अडीच लाख चौरस फुटांची एकच बिल्डिंग बांधली आणि तिचे दोन सारखे भाग केले. दोन्हीकडे भिंती त्याच, काच तीच, लाईट तेच, माणसं तशीच सॉफ्टवेअरवाली, कामाच्या वेळा त्याच, फक्त एसी वेगळा. एका अर्ध्यात नेहमीचा, म्हणजे हवा गार करून ढकलणारे मोठे एअर हँडलिंग युनिट, ती वाहून नेणारे डक्ट आणि गरजेप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणारे बॉक्स, ज्याला धंद्यात व्हीएव्ही म्हणतात. दुसऱ्या अर्ध्यात स्लॅबच्या काँक्रीटमध्येच प्लास्टिकचे पाईप गाडले आणि त्यातून गार पाणी फिरवलं, म्हणजे रेडियंट कूलिंग. दोन्हींना वेगळे मीटर. २०११ पासून बिल्डिंग चालू आहे.

निकाल बऱ्याच जणांनी सेमिनारच्या स्लाइडवर बघितला असेल: रेडियंट बाजूने एसीला ३४ टक्के कमी वीज खाल्ली. टाळ्या वाजतात, पुढची स्लाइड येते आणि घरी जाताना प्रत्येकाच्या डोक्यात एवढंच राहतं की स्लॅबमध्ये पाईप टाकले की काम झालं. माझं म्हणणं असं आहे की त्या पाईपांना जरा जास्तच क्रेडिट मिळतं. मुळात ते पाईप तिथे पुरेसे पडले कसे, हा या प्रकरणातला खरा भाग, आणि जुन्या बिल्डिंगा सुधारायच्या असतील तर आपल्या उपयोगाचाही तोच.

आधी बिल्डिंग, मग एसी

इन्फोसिस १९८१ साली आपल्या पुण्यात सुरू झाली हे सगळ्यांना माहीत आहे. आयटी बिल्डिंग म्हणजे काय दिसतं तेही सांगायला नको, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मान वर केली की झालं, खालपासून वरपर्यंत काच, आतून सगळे ब्लाइंड ओढलेले आणि ब्लाइंडच्या मागे भर दुपारी लाईट चालू. म्हणजे उजेडासाठी काच लावली, काचेतून ऊन आलं, उन्हासाठी पडदा लावला, पडद्याने अंधार झाला म्हणून लाईट लावले, लाईट आणि उन्हाची गरमी काढायला एसी मोठा घेतला. प्रत्येक पायरीला कुणीतरी बिल फाडलेलं असतं.

इन्फोसिसने २००८ च्या आसपास हे बदलायला घेतलं. रोहन पारीख त्यांच्याकडे ग्रीन बिल्डिंगचं काम बघायचे, गुरुप्रकाश शास्त्री त्याच टीममधले, आणि अमेरिकेतले पीटर रम्सी नावाचे इंजिनिअर या रेडियंटच्या कामाशी जोडलेले होते. एसडीबी-१ मध्ये यांनी पहिलं काम एसीचं केलंच नाही. बिल्डिंग उत्तर-दक्षिण तोंडाची ठेवली, काच भिंतीच्या तीस टक्क्यांच्या आत आणली, भिंतीला आणि छताला इन्सुलेशन दिलं, खिडकीवर सावली दिली. खिडकीचेही दोन भाग, खालची काच बाहेर बघण्यापुरती आणि वरची पट्टी उजेड आत ढकलण्यासाठी, मध्ये लाईट शेल्फ म्हणजे एक आडवी फळी, तिच्यावर उजेड आपटतो आणि छतावरून खोल आत जातो. त्यामुळे दिवसा लाईट बंद ठेवता येतात, आणि जो लाईट पेटला नाही त्याची गरमीही काढावी लागत नाही.

हे सगळं दोन्ही अर्ध्यांना सारखंच मिळालं, आणि इथेच स्लाइडवाले घसरतात. व्हीएव्हीची बाजू म्हणजे कुठली तरी जुनाट काचेची पेटी नव्हती, तीही चांगल्या कवचातली, म्हणजे त्याच भिंती, काच आणि छतातली, आणि नीट डिझाइन केलेली सिस्टिम होती. म्हणजे ३४ टक्के हे आधीच कमी झालेल्या आकड्यावरचे ३४ टक्के आहेत. कवचाने काय वाचवलं ते या तुलनेत कुठे दिसतच नाही, कारण ते दोन्ही मीटरमधून आधीच वजा झालंय.

आता थोडा हिशोब करू, कंटाळा आला तरी एकदा बघाच. आपल्याकडे ऑफिसचा प्लॅन हातात दिला की एसीवाला मनातल्या मनात भागाकार करतो, दोनशे चौरस फुटाला एक टन. काही महाभाग दीडशेला एक धरतात, कारण गार कमी पडलं तर शिव्या मिळतात आणि जास्त गार झालं तर कुणी फोन करत नाही. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट, तर दोनशेला एक टन म्हणजे चौरस मीटरमागे जवळजवळ १९० वॉट गरमी काढायची तयारी.

आणि गार स्लॅबची ताकद किती? खोली २५ अंश आणि छताचा पृष्ठभाग २० अंश असेल तर गार छत दर अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे साधारण ११ वॉट ओढतं, म्हणजे पाच अंशांना ५५ वॉट. बास, एवढंच. छत अजून गार करायला जावं तर त्याला घाम येतो, ते पुढे येईलच. ५५ वॉट म्हणजे टनाच्या भाषेत एका टनाला जवळपास ६९० चौरस फूट. दोनशेवरून सहाशे नव्वद! ताजी हवा गार करून सोडतात ती थोडा भार उचलते हे मान्य, तरी नेहमीच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये कुणी हा स्लॅब टाकला तर एप्रिल महिन्यात लोक टेबलफॅन घेऊन येतील.

त्या ५५ वॉटमध्ये काय काय बसवायचं ते बघा. माणूस बसल्या जागी ७० वॉट गरमी सोडतो, कॉम्प्युटर आणि स्क्रीन मिळून ८० ते १००, प्रत्येकाच्या वाट्याला १० चौरस मीटर जागा धरली तर हे झाले सोळा-सतरा वॉट. लाईट चांगले असतील तर पाच. एकूण बावीस. उरले तेहतीस, त्यात ऊन, भिंती, छत सगळं आलं पाहिजे. पश्चिमेच्या साध्या काचेवर दुपारी ६०० वॉटचं ऊन पडलं तर त्यातलं ऐंशी टक्के आत येतं, म्हणजे काचेच्या एका चौरस मीटरमागे ४८० वॉट! चांगल्या निवडक कोटिंगच्या डबल काचेतून पाव हिस्साच येतो, दीडशेच्या आसपास, आणि बाहेरून सावली असेल तर त्याहून बरंच कमी. म्हणून तीस टक्के काच, म्हणून ती फळी, म्हणून उत्तर-दक्षिण. आर्किटेक्टला हौस होती म्हणून नाही, यातलं एक जरी सोडलं असतं तरी स्लॅबचा हिशोब बसला नसता.

हवा वाहून नेण्यापेक्षा पाणी वाहून न्या

आता पाईपांना त्यांचं क्रेडिट देऊ, तेही थोडं नाही.

एसीचं काम म्हणजे आतली गरमी उचलून बाहेर नेऊन टाकणं. उचलायला हवा वापरा किंवा पाणी. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला १.२ किलोज्यूल लागतात, तेवढंच पाणी तापायला ४,१८०. म्हणजे तेवढ्याच आकारमानात पाणी साडेतीन हजार पट माल उचलतं. हे शाळेतलंच गणित, पण त्याचा बिल्डिंगमधला अर्थ बघा. बिल्डिंगचा एक अर्धा भाग साधारण ११,६०० चौरस मीटर. तिथे चौरस मीटरमागे ६० वॉट गरमी हवेने काढायची आणि हवेच्या येण्या-जाण्यात दहा अंशांचा फरक ठेवायचा, तर दर सेकंदाला ५८ घनमीटर हवा फिरवावी लागते. तेवढीच गरमी पाण्याने काढायची, फरक फक्त तीन अंशांचा ठेवला तरी सेकंदाला ५५ लिटर पाण्यात काम होतं. ती हवा एकाच डक्टमधून न्यायची म्हटली तर आठ फूट बाय आठ फूट डक्ट लागेल, म्हणजे एक खोलीच, आणि पाणी नऊ इंची पाईपमधून जाईल. हा माझा कागदावरचा हिशोब आहे, साइटवर अनेक डक्ट आणि अनेक पाईप असतात, पण प्रमाण हेच.

व्हीएव्हीच्या बाजूला फॅन दिवसभर ही हवा ढकलत बसतो. फॅन जी वीज खातो तिचीही शेवटी गरमीच होते आणि ती परत चिलरनेच, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मशीननेच काढायची. रेडियंट बाजूला फॅन फक्त माणसांना श्वास घ्यायला लागते तेवढी ताजी हवा ढकलतो.

दुसरी बचत चिलरमध्ये. हवेतून बाष्प काढायचं तर कॉइल, म्हणजे हवेच्या वाटेतली गार पाण्याच्या नळ्यांची जाळी, चांगली गार लागते, म्हणून नेहमीचा चिलर ७ अंशांचं पाणी बनवतो आणि मग त्याच ७ अंशांच्या पाण्याने सगळंच काम करतो, ज्याला एवढ्या गार पाण्याची गरज नाही तेसुद्धा. स्लॅबला १४-१५ अंशांचं पाणी पुरतं. पाणी जितकं कमी गार करायचं तितकी कॉम्प्रेसरवर चढण कमी, ढोबळ हिशोबाने एका अंशाला दोन ते तीन टक्के वीज वाचते, सात अंशांना पंधरा-वीस टक्के. म्हणून रेडियंट बाजूला दोन कामं वेगळी केली, स्लॅबसाठी मध्यम गार पाणी आणि ताजी हवा कोरडी करण्यासाठी जास्त गार पाणी. आत जाणाऱ्या ताज्या हवेला बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेचा गारवा आधी देऊन टाकायचा, ही हीट रिकव्हरीही त्यातच आली.

अंगाला कसं वाटतं हाही भाग आहे. जुन्या दगडी देवळात भर दुपारी शिरलं की पंखा नसताना गार वाटतं ना, तिथली हवा काही फार थंड नसते, भिंती थंड असतात आणि आपल्या अंगातली गरमी सरळ त्यांच्याकडे जाते. हवेचं तापमान आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान यांची साधारण सरासरी आपल्याला जाणवते. हवा २६ आणि छत-भिंती २२ असतील तर अंगाला २४ वाटतं. थर्मोस्टॅटवाला मात्र २६ बघून तक्रार करतो, अंगापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवणारी जमात सगळ्या ऑफिसात असते.

घामाचा प्रश्न

रेडियंटचं नाव काढलं की मुंबईचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, छतातून पाणी टपकणार का? प्रश्न बरोबर आहे. हवेतल्या बाष्पाला एक दवबिंदू असतो, पृष्ठभाग त्याच्या खाली गेला की पाणी धरणार, तिथे कुठल्याही ब्रँडची जादू चालत नाही.

आकडे घ्या. खोलीत २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १४ च्या जवळ, २० अंशांचं छत एकदम निवांत. २६ अंश आणि ६० टक्के झाली तर साडेसतरा, अजून ठीक. २६ अंश आणि ७५ टक्के झाली की दवबिंदू २१ च्या वर, मग टपक टपक चालू. हैदराबादला पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २२ च्या घरात असतो आणि मुंबईला जुलैमध्ये २५ च्या आसपास. म्हणजे बाहेरची हवा तशीच आत आली तर दोन्हीकडे खेळ खलास. वर आत बसलेला प्रत्येक माणूस तासाला ५०-७० ग्रॅम बाष्प सोडतो ते वेगळंच.

उपाय अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. आत येणारी सगळी हवा एकाच ठिकाणाहून यायची आणि तिथेच कोरडी होऊन यायची, आतला दाब बाहेरपेक्षा जरा जास्त ठेवायचा म्हणजे फटीतून हवा बाहेर जाईल, आत येणार नाही, खिडक्या बंद, आणि दवबिंदूचे सेन्सर लावून ठेवायचे की धोका दिसला की पाण्याचं तापमान आपोआप वर जावं. सकाळी सुरू करताना आधी हवा कोरडी करायची, मग स्लॅबमध्ये पाणी सोडायचं. हा क्रम उलटा केला की सोमवारी सकाळी, शनिवार-रविवारची दमट हवा आत साठलेली असताना, बरोब्बर घोटाळा होतो. हैदराबादला पावसाळ्यातसुद्धा ही बाजू चालली, हा या प्रयोगाचा माझ्या मते विजेच्या आकड्याइतकाच मोठा निकाल, कारण तोवर रेडियंट म्हणजे युरोपातल्या कोरड्या हवेचं खूळ असं सरसकट म्हटलं जायचं.

मीटर काय म्हणाले

शास्त्री आणि रम्सी यांनी २०१४ साली अ‍ॅशरेच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एसी इंजिनिअरांच्या संघटनेच्या, मासिकात ही मोजणी छापली. वर्षभरात एसीसाठी लागलेली वीज व्हीएव्ही बाजूला चौरस मीटरमागे ३८.७ युनिट आणि रेडियंट बाजूला २५.७ युनिट. फरक १३ युनिटचा. ११,६०० चौरस मीटरला गुणलं की वर्षाला दीड लाख युनिट, आणि युनिटला आठ रुपये धरले तर बारा लाख रुपये.

३८.७ हा हरलेला आकडासुद्धा किती चांगला आहे ते बघा. बीईईच्या, म्हणजे वीज बचतीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, त्या वेळच्या ऑफिस रेटिंगमध्ये कंपोझिट हवामानात, ज्यात हैदराबाद येतं, पाच स्टार मिळवायला पूर्ण बिल्डिंगची सगळी वीज चौरस मीटरमागे ९० युनिटच्या आत असावी लागायची. इथे हरलेल्या बाजूचा एसी चाळीसच्याही खाली आहे.

लोकांना सगळ्यात जास्त धक्का खर्चाचा बसतो. दोन्ही सिस्टिमचा बसवायचा खर्च चौरस मीटरला ३,३०० रुपयांच्या आसपासच आला, आणि रेडियंट किंचित स्वस्त. पाईप, मॅनिफोल्ड, जास्तीचे कंट्रोल यांचा खर्च वाढला, पण डक्ट बारीक झाले, एअर हँडलिंग युनिट छोटे झाले, चिलर लहान झाला. कोटेशनमध्ये मात्र आपण काय करतो, रेडियंट म्हणजे एक्स्ट्रा म्हणून वेगळी ओळ टाकतो आणि डक्टची ओळ होती तशीच ठेवतो, मग ते महाग दिसणारच. इथे दोन पूर्ण सिस्टिम समोरासमोर ठेवल्या म्हणून हे दिसलं.

आत बसणाऱ्यांचा सर्व्हेही झाला आणि त्यात रेडियंट बाजूचे लोक जास्त समाधानी निघाले. मला हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. व्हीएव्हीमध्ये एकाच्या डोक्यावर गार झोत आणि दुसऱ्याकडे काहीच नाही हे कायमचं दुखणं आहे, प्रत्येक ऑफिसात शाल पांघरून बसणारी एक मॅडम आणि घामाघूम एक सर शेजारीशेजारी असतातच.

शंका घ्यायच्या तर

प्रकरण चांगलं आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये. पहिली गोष्ट, ही बिल्डिंग मालकाने स्वतः वापरायला बांधली, बिल तोच भरतो, देखभाल तोच करतो. आपल्याकडची बरीच ऑफिसं बिल्डर बांधतो आणि भाड्याने देतो, काच बिल्डर निवडतो आणि त्या काचेचं बिल भाडेकरू आयुष्यभर भरतो. बिल्डरला १३ युनिट वाचवून काय मिळणार? दुसरी गोष्ट, वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्याचा फायदा काही प्रमाणात व्हीएव्हीलाही देता आला असता, मग फरक थोडा कमी दिसला असता, असं एखादा म्हणू शकतो आणि त्यात तथ्य आहे. फॅनची बचत मात्र त्याला मिळाली नसती.

आणि स्लॅब आळशी असतो. एवढं काँक्रीट गार व्हायला तास लागतात, तसंच ते तापायलाही तास लागतात. रोजच्या बैठ्या कामाला हे बरंच आहे, रात्री बाहेर गार असताना चिलर चालवून स्लॅब भरून ठेवता येतो. पण मीटिंग रूममध्ये अचानक वीस माणसं घुसली की स्लॅब काही धावून येत नाही, तिथे वेगळा फॅन कॉइल किंवा जास्तीची हवा लागतेच.

साइटवरचे त्रास वेगळे. स्लॅब टाकायच्या आधी सळईला पाईप बांधायचे, त्यात दाब भरायचा आणि काँक्रीट ओतताना गेजवर एक माणूस डोळा लावून बसवायचा, काटा पडला की तिथेच थांबायचं, कारण नंतर सापडणार नाही. व्हायब्रेटरवाल्याला आधी समजवायचं, सेंट्रिंगवाल्याला समजवायचं. खाली फॉल्स सीलिंग करायचं नाही, केलं तर गारवा त्याच्या वरच अडकतो, आणि फॉल्स सीलिंग नाही म्हणजे आवाज घुमतो, म्हणून मधे मधे आवाज शोषणारे पट्टे टांगायचे. आणि ड्रिल! पुण्यात एका ऑफिसात (नाव जाऊ दे) प्रोजेक्टर लटकवायला आलेल्या पोऱ्याने कुणाला न विचारता छताला ड्रिल मारलं आणि थेट पाईपात. पाणी फार नव्हतं, बोंबाबोंब फार झाली. त्यानंतर तिथे थर्मल कॅमेऱ्याने बघून पाईप कुठून जातात त्याच्या खुणा करून घेतल्या आणि ड्रिलला परवानगी लागते असा बोर्ड लागला. नवीन कामात मी आता स्लॅबखालीच अँकर सोडून ठेवायला सांगतो, फायर, लाईट, प्रोजेक्टर, सगळ्यांचे, आधीच.

जुन्या बिल्डिंगचं काय

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने येतो: आमच्या जुन्या ऑफिसात रेडियंट बसेल का? झालेल्या स्लॅबमध्ये पाईप जात नाहीत हे उघड आहे. छताला लटकवायचे धातूचे रेडियंट पॅनल मिळतात, ते बसतात, चालतात, पण काच तीच आणि फटी त्याच असतील तर वरचा ५५ वॉटचा हिशोब पुन्हा समोर येऊन उभा राहतो, वर पावसाळ्यात घामाची भीती. म्हणून माझ्याकडे असा माणूस आला की मी आधी पश्चिमेची काच बघायला जातो.

तिथे बाहेरून सावली देता आली तर सगळ्यात उत्तम, आतला ब्लाइंड म्हणजे ऊन आत घेऊन मग त्याला पडद्याआड बसवणं. बाहेरून परवानगी नसेल तर फिल्म किंवा काच बदलणं, आणि काच बदलायची पाळी कधीतरी येणारच असेल तर एसीचं काम त्याच्याबरोबर लावा, आधी नको. गच्चीचं इन्सुलेशन वरच्या मजल्यापुरतं का होईना करा. लाईट एलईडी झाले नसतील तर २०२० नंतर त्याला काही कारण उरलेलं नाही. हे झालं की मगच चिलरवाल्याला बोलवायचं, कारण तेव्हा कळतं की आहे तो चिलर किती मोठा पडतोय. आधी चिलर बदलला तर जुन्या भाराच्या मापाचा नवा चिलर येतो आणि पुढची वीस वर्षं अर्ध्या पोटी चालत राहतो.

पंप आणि फॅनला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारं यंत्र, लावणं हे त्यातल्या त्यात लवकर पैसे देणारं काम. वेग ऐंशी टक्के केला तर वीज जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पण व्हीएफडी लावून पन्नास हर्ट्झला लॉक करून ठेवलेले मी इतके बघितलेत की आता साइटला गेलो की आधी त्याच्या डिस्प्लेवरचा आकडा वाचतो. चिलरच्या पाण्याचंही तसंच, जानेवारीत सकाळी कोरडी हवा असताना ७ अंशांचं पाणी कशाला, ९-१० चाललं तर बघा, हे एक पैसा न घालवता होतं, फक्त ऑपरेटरला कुणीतरी सांगावं लागतं आणि पावसाळ्यात परत खाली आणायची आठवणही ठेवावी लागते. सेट पॉइंट, म्हणजे एसीला लावून ठेवलेलं खोलीचं तापमान, २१ वर असेल तर त्यावर तुमची एचआर आणि तुम्ही बघून घ्या. बीईईने २०२० पासून खोलीच्या एसीची डीफॉल्ट सेटिंग २४ केली आहे, एवढा दाखला देऊन बघता येईल.

पॅनलचा विचार मी या सगळ्यानंतर करतो, आणि तोही घाटावर. कोकणपट्टीत, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे, जुन्या बिल्डिंगमध्ये दारं-खिडक्यांच्या फटी किती आहेत ते ब्लोअर लावून मोजल्याशिवाय मी पॅनलचं नाव काढत नाही. त्यापेक्षा ताजी हवा वेगळी कोरडी करणारं युनिट बसवायचं, आतल्या कॉइलना मध्यम गार पाणी द्यायचं आणि छताला पंखे लावायचे, सेट पॉइंट २६ वर नेला तरी पंख्याच्या वाऱ्यात माणूस तक्रार करत नाही. एसडीबी-१ मधून जुन्या बिल्डिंगेत उचलता येण्यासारखी गोष्ट म्हणजे गार करणं आणि कोरडं करणं ही दोन कामं वेगळी काढणं. आणि कामाला हात लावायच्या आधी एसीचा मीटर वेगळा करून घ्या, चिलर, पंप, फॅन, प्रत्येकाचा. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यावरचे आकडे उतरवून ठेवा, म्हणजे काम झाल्यावर किती वाचलं यावर एसीवाल्याशी हुज्जत घालायला हातात काहीतरी असेल.